वाळूतला सराटा

निघायच्या दिवशी आईने मला अंगणातच थांबवलं. माझ्या नव्या बुटाच्या तळाला सराटा रुतला होता. तिने केसांतला आकडा काढून तो काटा उपसला, मग तळहातावर दही ठेवलं. "जातो नाही, येतो म्हण." मी येतो म्हणालो आणि दोह्याला आलो.

त्यानंतर दर सुट्टीत ती विचारायची, तुझं घर कधी दाखवतोस? मी म्हणायचो, तिथे नुसती वाळू, गवताची काडी उगवत नाही, तुला करमायचं नाही. तिचा सगळा जीव परसातल्या झाडापाल्यात, तिला ते पटलं. बाहेर पडलेले आपण बरेचजण घरी असंच काहीबाही सांगत असू.

यंदा हिवाळ्यात पाऊस बरा झाला. मार्चमध्ये लेकीला घेऊन शहराबाहेर गेलो, तर वाळूवर पिवळी फुलं पसरलेली. तिला शाळेच्या प्रोजेक्टसाठी त्या फुलाचं नाव हवं होतं. झाडं ओळखणारं ॲप दर फोटोला वेगळंच नाव सांगायला लागलं, तेव्हा तिने सरळ आजीला व्हिडिओ कॉल लावला.

आईने पाकळ्या मोजायला लावल्या. पाच. पानं जवळून बघितली, चिंचेसारखी जोडीजोडीने लागलेली. "सराटाच की गं. फळ दाखव, पण जपून, टोचेल."

"इट डझन्ट प्रिक, आजी. इट हॅज विंग्ज."

खरंच, फळाला काटे नव्हते, पातळ पंख होते. मी तसं सांगितलं. "म्हणजे आपल्याचा भाऊबंद," आई हसली. "तिकडे पंख फुटले मेल्याला." मग म्हणाली, "नुसती वाळू आहे म्हणत होतास ना रे?"

मी फुलांचंच काहीबाही बोलून कॉल आवरला. फरीज बिन ओमरान वस्तीतल्या आमच्या फ्लॅटवर परतल्यावर पुन्हा फोन लावला आणि सांगून टाकलं. गावात मला साहेब म्हणतात. इथे साइटवर माझ्याहून लहान मॅनेजर यल्ला, यल्ला करत पळवतो. संध्याकाळी मी बुटांसकट सोफ्यावर पडतो. ते तू बघू नयेस, म्हणून वाळूचं कारण सांगितलं. आता ये, आई.

"शाळेतून येऊन बुटांसकटच झोपायचास," ती म्हणाली. "कोण काढायचं ते?"

व्हिसाचं काम सुरू आहे. काल दाराजवळचं बुटांचं कपाट आवरून तिच्या चपलांपुरती जागा केली. एवढ्या वर्षांत या फ्लॅटला पहिल्यांदा मनात घर म्हटलं. जाड तळाची चप्पल आणू का, असं ती विचारत होती. इथला टोचत नाही, म्हटलं, पण आण.