हिरवे ठिपके

केजला तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि लग्नसराईत मी आमच्या घरच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो. दोन्ही कामांत मला एकच गोष्ट आवडते. बटण दाबलं की हवं ते बाहेर यावं, आणि दर वेळी तेच यावं. माणसांच्या बाबतीत असं होत नाही, म्हणून माझं डोकं लवकर फिरतं. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी दुकानातून आलो की आधी माझा चेहरा बघतात, मग चहा टाकायचा की जरा थांबायचं ते ठरवतात.

बँड माझ्या चुलत्यांनी उभा केला. काका क्लॅरिनेट वाजवायचे. आमच्याकडे लग्नाआधी नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला जातो, त्याला परण्या म्हणतात. परण्या मारुतीपाशी पोचला की आमच्या बँडची एक रीत होती. हलगी, ढोल, ताशा सगळं गप्प. काका एकटे पुढे व्हायचे आणि दोन-तीन मिनिटं क्लॅरिनेटवर काहीतरी संथ वाजवायचे. घोड्यापुढे नाचून घामाघूम झालेली पोरंही तेवढा वेळ उभी राहायची. मग नवरदेव खाली उतरून पायऱ्या चढायचा. बाकीची गाणी काय, सगळेच बँड वाजवतात. नेकनूरपासून अंबाजोगाईपर्यंतचे लोक आम्हाला सुपारी द्यायचे ते त्या तीन मिनिटांसाठी.

गेल्या वर्षी काकांचे पुढचे दात काढावे लागले. कवळी बसवली, पण क्लॅरिनेट ओठांत धरलं की ती हलायची आणि सुराऐवजी नुसती हवा निघायची. चार महिने त्यांनी झटापट केली. मग एका दुपारी क्लॅरिनेटचे भाग सुटे करून, पुसून, पेटीत ठेवले आणि म्हणाले, "झालं माझं. आता तुमी वाजवा." त्यानंतर ते दिवसभर ओट्यावर बसायला लागले. बँडची गाडी निघायच्या वेळी मात्र उठून आत जायचे. जेवण अर्ध्यावर आलं. काकू मला म्हणाली, "त्यास्नी गाडीत नुस्तं बसवून नेत जा की." एकदा नेलं. नुसतं बसायला नेलेला माणूस कसा दिसतो ते त्या दिवशी पाहिलं आणि पुन्हा नेलं नाही.

माझ्या कीबोर्डात क्लॅरिनेट नावाचा एक आवाज आहे, पण तो मोबाइलच्या रिंगसारखा आहे. मारुतीपुढे तो वाजवायची मलाच लाज वाटायची. मग एका ओळखीच्या वादकानं जुन्या अ‍ॅनालॉग सिंथेसायझरचं नाव काढलं. त्यात तयार आवाज नसतात. विजेपासून एक कच्चा भोंगा निघतो आणि पंधरा-वीस नॉब फिरवून तो आपण घडवायचा. पूर्वी ऑर्केस्ट्रावाल्यांकडे असायचा. आता तो बनवणाऱ्या कंपनीनंच तो सिंथ पुन्हा नवा काढला होता, त्यामुळे नवा घ्यायचा की कुणाचा वापरलेला, असा प्रश्न पडला.

नवा मी पुण्यात दुकानात वाजवून पाहिला. दिसायला हुबेहूब जुना, वर मेमरीची सोय. एकदा आवाज जमला की त्याला नंबर द्यायचा. पुढच्या वेळी नंबर दाबला की तोच आवाज हजर. झेरॉक्सवाल्याला आणखी काय पाहिजे? पट्ट्या तेवढ्या खेळण्यातल्यासारख्या बारीक होत्या, माझी बोटं एकमेकांवर चढत होती. वापरलेला होता धर्मापुरीत, एका किराणा दुकानदाराकडे. त्याचा भाऊ ऑर्केस्ट्रात वाजवायचा, तो वारला होता. त्या जुन्याला मेमरी नव्हती. नॉब जिथे ठेवाल तिथला आवाज, आणि कुणाचा धक्का लागला की गेला.

मनातून मी नवा पक्का केला होता. तरी धर्मापुरीला गेलो. एकतर काकांना घराबाहेर काढावं म्हणून, आणि आमच्या घरात कान त्यांचा म्हणून. जीपमध्ये ते म्हणाले, "मला कामून नेतूस? त्या मशिनीतलं मला काय कळतंय?"

"आवाज तर कळतोय की," मी म्हणालो.

"माझ्या जागी आनायलास न्हवं? मग तूच ऐक."

परळी येईपर्यंत मी बाहेरची तूर बघत राहिलो.

दुकानदाराच्या कपाळावर भस्माचे पट्टे होते. वजनकाट्यामागून उठून त्यानं आम्हाला आतल्या खोलीत नेलं. तेलाच्या डब्यांपलीकडे चादरीखाली सिंथ होता. तो चालू करून म्हणाला, "अर्धा तास बसा. तापल्याबिगर सुरात येत न्हाई हे." मी मनात म्हटलं, संपलं, ही कटकट कोण घेणार? काका मात्र खुर्ची ओढून बसले. त्यांनी मला एक पट्टी दाबून धरायला सांगितली. सूर हळूहळू सरकत होता.

"क्लॅरिनेट बी असंच," काका म्हणाले. "गार असलं की उतरलेलं. आदी फुंकून ऊब द्यावी लागती."

पेटी बंद केल्यापासून क्लॅरिनेटचं नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच आलं होतं. थोड्या वेळानं, गावातलं जुनं देऊळ बघून येतो म्हणून ते बाहेर गेले.

ते गेल्यावर दुकानदारानं मला ठिपके दाखवले. प्रत्येक नॉबभोवती नेलपॉलिशचे बारीक ठिपके होते, लाल, पांढरे आणि हिरवे. "भावानं लावल्यात," तो म्हणाला. "समदे नॉब लालवर आनले की बीन. पांढऱ्यावर सनई. हिरव्यावर क्लॅरिनेट." मी एकेक नॉब हिरव्यावर आणला आणि पट्टी दाबली. खोलीत क्लॅरिनेट वाजलं. दुकानदार भिंतीकडे बघत म्हणाला, "आई व्हती तवर तिनं ह्याला फडकं बी लावू दिलं न्हाई. तुमी बी जपा." जपतो, असं मी म्हणालो.

तिथंच माझं ठरलं. आवाज जुना, पट्ट्या मोठ्या, आणि ठिपके म्हणजे मेमरीच की! आता कुणाच्या कानाचीही गरज नाही, असं मी मनात म्हटलं. म्हणूनच काका देवळातून परत आले तेव्हा त्यांना ठिपक्यांबद्दल अवाक्षर बोललो नाही. काय सांगणार होतो? तुमची तीन मिनिटं हिरव्या नेलपॉलिशमध्ये मिळाली म्हणून?

काही दिवसांनी खंडेनवमी आली. आमच्या घरी त्या दिवशी सगळी वाद्यं पुसून मांडतात, आणि पुसायचं काम घरातल्या मोठ्या माणसाचं. काकांनी ते कधी दुसऱ्याला करू दिलेलं नाही. मी दुपारी दुकान बंद करून आलो तर सतरंजीवर हलगी, ढोल, ताशा, झेंडूची फुलं, आणि पेटीतून काढलेलं क्लॅरिनेटसुद्धा. मधोमध सिंथ, लख्ख. काकांच्या हातात थिनरचा बोळा होता आणि कितीतरी महिन्यांनी चेहरा खुललेला होता.

"बघ, लई चिकटा व्हता," ते म्हणाले. "कुनी तरी रंग सांडून ठिवलेला. रंगाऱ्याकडून थिनर आनलं, तवा कुटं निघाला."

मी ओरडलो. काकू, माझी बायको, हलगीवाला, ढोलवाला सगळे उभे असताना ओरडलो. "कुणी सांगितलं होतं हात लावायला? तुमचं वाजवायचं तर संपलंच, आता दुसऱ्याचंही संपवा!"

काकांनी बोळा खाली ठेवला. "मला काय म्हाईत, लेका," एवढंच म्हणाले आणि आत गेले. पूजेला ते बाहेर आलेच नाहीत. नारळ मी फोडला. गरजेपेक्षा जोरात आपटला. तेव्हा वाटलं रागानं, आता कळतं की लाजेनं. ठिपके काकांनी पुसले असले तरी ते कसले आहेत हे मीच लपवलं होतं. पण चूक कळणं आणि कबूल करणं यांत माझे नेहमी आठवडे जातात.

पहिली सुपारी तुळशीच्या लग्नानंतरची, नेकनूरची होती. हाताशी महिनाभर होता. दिवसभर लोकांच्या सातबाऱ्याच्या प्रती काढणारा मी, ठिपक्यांचा साधा एक फोटो काढून ठेवला नव्हता. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी मी ओट्यालगतच्या खोलीत नॉब फिरवत बसायचो. कधी ट्रकचा हॉर्न निघायचा, कधी शेळी. एकदा उत्तम रेडा निघाला. काका ओट्यावर माझ्याकडे पाठ करून बसलेले असायचे. आमचं बोलणं बंद होतं.

एका सकाळी पाठ न वळवता ते म्हणाले, "नाकात बोलतंय."

मी थांबलो. मग एक नॉब थोडा डावीकडे नेला.

"आता गळ्यात आलं. छातीत आन."

आणखी दोन नॉब फिरवून पाहिले, आवाज पार बिघडला. वैतागून मी म्हणालो, "मग आत या ना, बाहेरून काय सांगताय?" मग ओट्यावरून चपला ओढल्याचा आवाज आला आणि काका दारात उभे राहिले. "ह्ये फिरीवलं की काय हुतंय?" त्यांनी विचारलं. मी एकेक नॉब समजावला. त्यांनी खुर्ची ओढली.

आवाज सापडायला तीन सकाळी लागल्या. धर्मापुरीला ऐकलेला तो हा नव्हता. हा काकांचा होता. सूर लांबला की ते एक नॉब हलकेच उघडत न्यायचे आणि संपताना मिटत आणायचे, आणि त्यांचे गाल नकळत फुगायचे. पट्टी मी दाबत होतो, फुंकर ते घालत होते. मी म्हणालो, "काका, त्या दिवशी मी जे बोललो..."

"पट्टी सोडू नगंस," काका म्हणाले.

नेकनूरला परण्या निघायच्या आधी अर्धा तास आम्ही जनरेटरवर सिंथ तापवत ठेवला. गाडीत माझ्या शेजारी काकांची खुर्ची होती. मारुतीपुढे हलगी थांबली, ढोल थांबला. मी पट्टी दाबली आणि काकांनी तो सूर असा उघडला की घोडा धरणाऱ्या माणसानंही मान वर केली. ती तीन मिनिटं मी काकांच्या बोटांकडे बघत वाजवलं, नाहीतर रडलो असतो. नवरदेव पायऱ्या चढून गेल्यावर काकांच्या वयाचे एक पाहुणे गर्दीतून वाट काढत गाडीपाशी आले. "आरं, नवे दात बसवले जनू?" त्यांनी विचारलं. काका एवढे हसले की त्यांच्या तोंडात एकही पुढचा दात नाही हे सगळ्या वऱ्हाडाला दिसलं. कवळी त्यांनी खिशात ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी मी बांगड्यांच्या दुकानातून हिरव्या नेलपॉलिशची बाटली आणली. मी आणि काकांनी मिळून जमवलेल्या आवाजावर नॉब तसेच होते. पुसलेले ठिपके कसले होते, ते मी काकांना आता कुठे सांगितलं. काका म्हणाले, "लाव खुना. मी काय जलमभर पुरनार हाय का तुला?" मी बाटलीचं झाकण फिरवलं, आणि परत घट्ट लावलं. हवा दमट आहे, वाळायचं नाही, असं काहीतरी बोललो. बाहेर कडक ऊन होतं. काकांनी उन्हाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि "बरं," म्हणाले.

ती बाटली माझ्या दुकानाच्या खणात स्टेपलरच्या पिनांशेजारी पडून आहे. हे शहाणपणाचं नाही, मला कळतं. एक दिवस तो आवाज मला हवा असेल आणि त्याची प्रत माझ्याकडे नसेल. पण ठिपके लावले की काकांना गाडीत पुन्हा नुसतं बसायला न्यावं लागेल, आणि ते मला बघवणार नाही.