परकराच्या नाडीनं बांधलेली बॅटरी

आमच्या जपानमधल्या उरायासूच्या घरात एकही वस्तू मोकळी नाही. कपाटं छतापर्यंत खांब लावून दाबलेली, फ्रिजला पट्टा, टीव्हीला पट्टा, देव्हाऱ्यातल्या गणपतीखाली चिकट जेलचा तुकडा. हे सगळं माझ्या नवऱ्याचं काम. मोठा भूकंप झाला तेव्हा तो बँकेच्या पोस्टिंगवर इथं एकटा होता. ऑफिसातून चालत घरी पोचला तर कपाट त्याच्या गादीवर आडवं पडलेलं. तेव्हापासून त्याला दिसेल ते बांधायची सवय लागली.

मी वर्षभरानं आले आणि आल्या आल्या नव्या घराच्या भाड्यात घसघशीत सूट मिळवली. भूकंपात तिथली जमीन चिखलासारखी पातळ झाली होती, भाडेकरू पळाले होते, मग घरमालकाला नरम व्हायला किती वेळ लागतो? जपानमध्ये घासाघीस करून मिळवलेला हा माझा पहिला विजय. तोच शेवटचा ठरेल असं मात्र वाटलं नव्हतं.

पुढे मी डब्यांचा धंदा सुरू केला. दोन डब्यांपासून. नवऱ्याकडून काही न घेता एक जुनी छोटी व्हॅन घेतली आणि उरायासूपासून फुनाबोरीपर्यंतच्या आपल्या लोकांना पोळीभाजी पोचवू लागले. एका हिवाळ्यात व्हॅनची बॅटरी मेली, आणि माझी गाठ आमच्या मागच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्या म्हाताऱ्याशी पडली.

त्यानं जुनी बॅटरी काढली, तिला वरून दाबून धरणारी लोखंडी पट्टी आणि दोन लांब आकडे बाजूला ठेवले आणि नव्या बॅटरीची किंमत सांगितली. मी निम्मी म्हटली.

"ओकुसान, किंमत हीच आहे," तो हसून म्हणाला. ओकुसान म्हणजे कुणाची तरी बायको. धंदा माझा, व्हॅन माझी, आणि हा मला ओकुसान म्हणणार.

मी पाऊणपट म्हटली.

"हीच आहे."

मग मी निघाले. दादरला तिसऱ्या पावलाला मागून हाक येते. इथं मी सहा पावलं चालले, मग गल्लीच्या टोकापर्यंत. वळून पाहिलं तर म्हातारा कमरेत वाकून मला निरोप देत होता.

हा अपमान मी आजतागायत विसरलेले नाही.

सायकलवरून मी थेट मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि सेलमधली बॅटरी पुढच्या टोपलीत घालून परत आले. म्हाताऱ्यानं ती ट्रेमध्ये ठेवून पाहिली. बुटकी होती. आकड्यांचे नट आटे संपेपर्यंत फिरवले तरी पट्टी बॅटरीच्या बोटभर वरच राहिली.

"ही धरली जाणार नाही, ओकुसान. गाडी धक्क्यात गेली की उडेल."

"माझं मी बघते," मी म्हटलं.

डब्यांच्या पिशव्या बांधायला मी परकराच्या नाडीचं बंडल गाडीत ठेवते. मुंबईहून आणलेली, पक्की विणलेली नाडी. बॅटरीभोवती सात वेढे घेतले, वर दुहेरी गाठ मारली आणि म्हाताऱ्याकडे न बघता गाडी बाहेर काढली. पट्टी आणि आकडे तिथंच राहिले. दीड वर्ष सगळं ठीक चाललं.

मग शाकेन आलं. गाड्यांची ही सरकारी तपासणी इथं दर दोन वर्षांनी करावीच लागते; ती झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. गॅरेजवाले पैसे घेऊन करून देतात, पण गाडी स्वतःही नेता येते हे मी शोधून काढलं होतं. मुदतीच्या शेवटच्या दिवसाचा नंबर मिळाला. आणि दुसऱ्याच दिवशी फुनाबोरीला एका बारशाचं चाळीस माणसांचं जेवण मी घेतलेलं होतं. नवऱ्यानं रजा काढली, कारण फॉर्म वाचता येणारा तोच.

दिवे पास, ब्रेक पास. मग तपासनीसानं बॉनेट उघडलं आणि तो थांबला. टॉर्च लावून त्यानं नाडी पाहिली. बोटानं गाठ दाबून पाहिली.

"हे काय आहे?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. जपानीत परकराच्या नाडीला काय म्हणतात हे बँकेनं त्याला शिकवलेलं नव्हतं. तो म्हणाला, "भारतीय दोरी."

तपासनीसानं बॅटरी हातानं हलवली. ती दोन्ही बाजूंना आरामात डुलली. त्यानं कागदावर नापासाचा शिक्का मारला आणि सांगितलं की आज दुपारच्या शेवटच्या फेरीपर्यंत पुन्हा आणता येईल.

"अगं, मी घरातला चमच्यांचा ट्रेसुद्धा बांधला," नवरा गाडीत बसल्यावर म्हणाला, "आणि तू ताशी पन्नास किलोमीटर वेगानं फिरणारी बॅटरी नाडीनं?"

"अहो, आता बोलू नका. चाळीस माणसांची डाळ भिजलीय घरी."

तपासणी केंद्राबाहेरच्या तीन गॅरेजांत विचारलं. व्हॅन जुनी, तसली पट्टी कुणाकडे नाही. मागवली तर दोन दिवस. नवरा हळूच म्हणाला, "तुझी पट्टी आहे की. मागच्या गल्लीत."

"मी तिथं जाणार नाही."

"मग बारशाला फोन करून सांग."

मी अर्धा तास गाडी चालवत मनातल्या मनात म्हाताऱ्याशी भांडले आणि गॅरेजच्या दारात उभी राहिले. त्यानं एकदा व्हॅनकडे पाहिलं. आत गेला आणि फळीवरून प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आला. आत माझी पट्टी, दोन आकडे, नट, सगळं तेल लावून पुसलेलं. पिशवीला चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर माझ्या व्हॅनचा नंबर.

नाडी कापायला मी कात्री मागितली. त्यानं नकाराची मान हलवली आणि बसून गाठ सोडवली. मग ट्रे पुसला, जाड कडक रबराचा तुकडा मापानं कापून तळाशी घातला, वर बॅटरी ठेवली. आकडे खालच्या भोकांत अडकवले, पट्टी आडवी बसवली आणि एक नट थोडा, दुसरा थोडा असे आळीपाळीनं आवळले.

"आणखी घट्ट करा," मी म्हटलं. मला त्या तपासनीसाला दाखवायचं होतं.

"नको. फार आवळलं की बॅटरीचं अंग फुटतं." मग तो बाजूला झाला. "हलवा, ओकुसान. हलली तर गाडी हलली पाहिजे, बॅटरी नाही."

मी दोन्ही हातांनी, सगळा राग घालून हिसडा दिला. व्हॅन डुलली. बॅटरी जागची हलली नाही.

"किती झाले?"

"पट्टी तुमचीच आहे."

"आणि रबर? मजुरी?"

"सर्विस." म्हणजे फुकट.

"फुकट नको. किंमत सांगा."

"सर्विस."

"अर्धे तरी घ्या."

तो फक्त हसला. आयुष्यात पहिल्यांदा भाव वाढवायला भांडत होते आणि तिथंही हा माणूस जागचा हलेना. नवरा घड्याळ दाखवायला लागला म्हणून मी पाकीट मिटलं.

शेवटच्या फेरीला तोच तपासनीस होता. त्यानं बॅटरी धरून हलवली, गाडी हलली, आणि शिक्का मारताना त्यानं जरा वाकून आत पाहिलं. मला वाटतं तो नाडी शोधत होता.

बारशाहून परतताना मी पुरणपोळ्यांचा डबा म्हाताऱ्याच्या टेबलावर ठेवला आणि "सर्विस" एवढंच बोलून निघाले. सहा पावलं गेले असेन.

"ओकुसान," मागून हाक आली.

मी वळले, अगदी सावकाश. त्याच्या हातात पांढरं पाकीट होतं. आत माझी नाडी, धुऊन, वाळवून, गुंडाळी करून ठेवलेली.