आधी तोंड बंद

"आधी तोंड बंद. मग बघ."

नाणं हातात घेणाऱ्या प्रत्येकाला बाई हे ऐकवायच्या. समोर निवृत्त बँक अधिकारी असो की कॉलेजातले प्राध्यापक. म्हणताना स्वतःचा तळवा समोरच्याच्या हाताखाली धरायच्या, नाणं पडलं तर झेलायला. माणूस पडला तर झेलतील असं मात्र कधी वाटलं नाही.

कारण साधं होतं. नाण्यावर वाकून बोललं की थुंकीचे बारीक शिंतोडे उडतात आणि चांदीवर पुढे काळे ठिपके येतात. पण हे मला दुसऱ्या कोणीतरी सांगितलं. बाई कारणं देत नसत, हुकूम देत.

ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या एका हॉलमध्ये महिन्यातल्या एका रविवारी नाणी जमवणारे जमतात. तुमच्यापैकी कोणी तिथे गेला असाल तर कोपऱ्यातलं ते टेबल आठवेल. हिरवं फडकं, पिवळा दिवा आणि मागे फ्रॉक घातलेली, सत्तरीकडे झुकलेली, ठाण्याचीच ख्रिस्ती बाई. नवरा कधीच गेलेला. त्या टेबलावर त्यांची आणि थोरल्या बहिणीची चूल चालायची.

मी डोंबिवलीचा. केमिकल कंपनीतून निवृत्त झालो आणि या नादाला लागलो. बाईंनी माझं नाव एकदाही विचारलं नाही. "ए डोंबिवली" म्हणायच्या. मला 'ए' म्हणणारं माझ्या घरातसुद्धा कोणी उरलं नव्हतं. मला त्या आवडत नव्हत्या. आज त्यांची बाजू मांडायला बसलोय म्हणून आवडत होत्या असं खोटं लिहिणार नाही.

एका रविवारी पलीकडच्या टेबलावर मला राणीछाप रुपया दिसला. लखलखीत. राणीच्या हनुवटीखाली एवढासा खड्डा होता, तोही मला गालबोटासारखा शोभून दिसला. विकणारा गोड माणूस. "काका, तुमच्यासाठीच बाजूला ठेवलाय. पुढच्या महिन्यात राहणार नाही हां." माझा हात खिशात गेलेला. तेवढ्यात बाई मागून आल्या.

"चकाकतंय म्हणून घेतोस? नाणं घेतोयस का ताट?"

"बाई, इतकं जुनं आणि बघा कसं नव्यासारखं..."

"तेच तर. इतका जुना माणूस असा चकाकला तर काय म्हणशील? घासून आंघोळ घातली म्हणशील. थांब."

"किती दिवस थांबू?"

"अक्कल येईपर्यंत."

आजूबाजूचे सगळे हसले. मी रुपया खाली ठेवला. ते हसणं मात्र घरी घेऊन आलो.

दोन महिन्यांनी बाईंच्या ट्रेमध्ये मला राणीछाप दिसला. तीच राणी, तेच साल. गोड माणसाला विचारलं, तो रुपया आहे का? "गेला, काका. कोणी घेतला ते सांगत नाही. तुम्ही समजदार आहात." मी समजलो. बाईंच्या रुपयाचा फोटो काढला आणि तिथेच उभा राहून आमच्या नाणी जमवणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "मला 'थांब' सांगून हा रुपया बाईंनी स्वतः उचलला. नवख्यांनी सावध राहावं."

मग काय, ज्याला ज्याला बाईंनी कधी तोंड बंद करायला लावलं होतं त्या सगळ्यांची तोंडं उघडली. एकाने लिहिलं, "ती माणसं अशीच." त्याच्याखाली मी पसंतीचा अंगठा टाकला. आज हे सगळं लिहिताना एवढं एक वाक्य लिहायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

पुढच्या महिन्यातल्या रविवारी बाईंच्या टेबलापुढे कोणी नव्हतं. त्या उठून माझ्याकडे आल्या, तो रुपया माझ्या तळव्यावर ठेवला.

"तोंड बंद. कडेवरून नख फिरव."

"मला आता शिकवू नका. तोच रुपया आहे. डोळे आहेत मला."

"आहेत ना. मग वापर की."

मी रुपया टेबलावर आपटला. बाईंनी तो कडेने उचलला, पुडीत घातला, हिरवं फडकं गुंडाळलं. त्यानंतर त्या आल्या नाहीत. कोपऱ्यात चहाचा थर्मास ठेवायला जागा झाली, असं कोणीतरी म्हणालं, आणि मी त्यातला चहा प्यायलो.

अक्कल यायला वर्षं गेली. नाणं तिरकं धरलं की घासल्याचे बारीक ओरखडे दिसतात, हे कळलं. पूर्वी बायका रुपयाला कडी लावून गळ्यात घालत. ती कडी काढून, जागा भरून, कानस मारून असे रुपये विकायला येतात, हे कळलं. तिथे कडेच्या रेघा पुसलेल्या असतात. नख घसरतं.

गेल्या वर्षी आमच्या इमारतीतले एक गृहस्थ रुपया घेऊन आले. "तुम्हाला यातलं कळतं ना हो?" मी नख फिरवलं. राणीच्या डोक्यावरच्या कडेला ते सपकन घसरलं. मग हनुवटीखाली पाहिलं. तोच खड्डा.

"कुठून घेतलात?"

"ठाण्याला, तो गोड बोलणारा नाही का? बरीच वर्षं झाली. तुम्हीच मला त्या हॉलचा पत्ता दिला होता."

ते गेल्यावर ग्रुपवरचा तो जुना फोटो उघडला आणि मोठा करून पाहिला. बाईंच्या रुपयावर राणीची हनुवटी स्वच्छ होती. तो रुपया वेगळा होता. पहिल्या दिवसापासून वेगळा होता, आणि फोटो मीच काढलेला होता.

ग्रुपवर सगळं खरं लिहिलं. दोघांनी हात जोडले. एक म्हणाला, "चला, शेवट गोड." बाई कुठे आहेत, हे एकानेही विचारलं नाही.

चर्चमागच्या चाळीत त्यांचं घर शोधलं. बहिणीने दार उघडलं, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"डोंबिवली ना?"

"हो. बाई आहेत का?"

"गेली ती. ईस्टरच्या आधी. टेबल सुटल्यावर लोकांचं शिवण घेतलं आम्ही. डोळे गेले तिचे त्याच्यात." मग म्हणाली, "तू येणार हे बोललेली ती. वेळ लावील, पण येणार. आला तर चहा विचारू नको, असं पण बोललेली."

तिने विचारला नाही. आत जाऊन कागदाची पुडी आणली.

"हे त्याला दाखव बोलली. दाखव, देऊ नको."

तिने रुपया माझ्या तळव्यावर ठेवला आणि खाली स्वतःचा हात धरला. मी कडेवरून नख फिरवलं. किरकिर, किरकिर करत ते राणीच्या डोक्यावरून पुढे गेलं आणि जिथून निघालं होतं तिथे परत आलं. कुठेही घसरलं नाही.

"बोल आता," बहीण म्हणाली. "काय बोलायला आलास ते बोल."

रुपया अजून माझ्या हातात होता. मी तोंड उघडलं नाही.