आईसाहेबांची धुरी

आमच्या आईसाहेब, म्हणजे माझ्या सासूबाई राजाबाई, कधी चुकत नाहीत. भाजीत मीठ कमी पडलं तर आमच्याच जिभेला चव उरलेली नसते, आणि बस चुकली तर बसच वेळेआधी सुटलेली असते. लग्न होऊन मी मध्य प्रदेशात, धारला आले त्याला चौदा वर्षं झाली. एवढ्या काळात ‘माझं चुकलं’ हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नव्हते.

त्यांचा सगळा दरारा बाळंतपणांवर उभा आहे. देवासपासून कुक्षीपर्यंत आमच्या नात्यातल्या अकरा बाळंतिणी त्यांनी सांभाळल्या. खोली बंद, खिडक्यांना रजया, आणि संध्याकाळी शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा नि लोबान टाकून धुरी. दोन्ही खेपेला मी त्या धुरात डोळे पुसत बसले होते. माझी दोन्ही मुलं धडधाकट निघाली, त्यामुळे वाद घालायला माझ्याकडे काही उरलं नाही.

गेल्या जानेवारीत त्यांनी कोंबड्या पाळायचं ठरवलं. यशराज, माझा नवरा, जरा बिचकलाच. “आईसाहेब, आपल्या घरात कोंबड्या?”

“खाताना लाज वाटत नाही, मग पाळताना कशाला वाटायला हवी?” त्या म्हणाल्या, आणि विषय संपला.

झाबुआहून कडकनाथची सत्तर पिल्लं आली. काळी चोच, काळे पाय, मूठभर जीव. चाळीस आमची आणि तीस मागच्या गल्लीतल्या सीताची. सीताचा नवरा टेम्पो चालवतो. ती आईसाहेबांकडे शिवण शिकायला येते आणि त्यांचा शब्द झेलते. आपल्या हातचं काहीतरी असावं म्हणून तिने महिनाभर सासूची मनधरणी केली होती. सासूने शेवटी हो म्हटलं, पण एका अटीवर. ही पिल्लं मेली तर पुन्हा कोंबड्यांचं नाव काढायचं नाही.

सुरुवात आईसाहेबांनी छान केली, हे मान्य करायला हवं. प्रवासातून आलेल्या पिल्लांना आधी दाणा नाही, कोमट गूळपाणी. एकेकाची चोच त्यांनी स्वतः पाण्यात बुडवली, म्हणजे पाणी कुठे आहे ते त्यांना कळावं. पाणी उथळ ताटलीत, आणि ताटलीत गोटे, नाहीतर एवढीशी पिल्लं त्यातच बुडून मरतात. खाली भाताचं तूस पसरलं, वर बल्ब टांगला. सीता शेजारी उभी राहून सगळं डोळ्यांत साठवत होती.

मग थंडीची लाट आली आणि आईसाहेबांच्या अंगात बाळंतपण संचारलं. मागच्या खोलीच्या खिडक्यांना रजया लागल्या. दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. संध्याकाळी शेगडी पेटली, ओवा तडतडला, लोबानचा ढग उठला. सीतालाही त्यांनी घरी तसंच करायला सांगितलं. पिल्लांबरोबर आलेलं हिंदी पत्रक मी त्यांना वाचून दाखवलं. खोलीत हवा खेळती ठेवा, धूर होऊ देऊ नका, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

“पत्रक लिहिणाऱ्याने किती बाळंतपणं काढलीत?” त्यांनी विचारलं.

मी पत्रक घडी करून ठेवून दिलं. त्याचा मला आजही राग येतो, माझाच.

चौथ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर एकोणीस पिल्लं मेलेली. उरलेली चोच उघडी टाकून धापा टाकत होती. आईसाहेबांनी आधी नजर लागली म्हटलं, मग झाबुआच्या खोक्याला नावं ठेवली, मग माझ्या गार हातांना. मी सरकारी दवाखान्यातल्या गुरांच्या डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी आत पाऊल टाकलं आणि सगळ्यात आधी रजया ओढून खाली टाकल्या.

“माताजी, ये ठंड से नहीं, धुएँ से मरे हैं,” ते म्हणाले. “बंद कमरे में अंगार? साँस कहाँ से लेंगे बेचारे?”

डॉक्टर गेल्यावर आईसाहेब परसातल्या दगडावर जाऊन बसल्या. मी चहा दिला, तो तसाच गार झाला. आता डॉक्टरांचा उद्धार होणार, याची मी वाट बघत होते. तेवढ्यात मागच्या भिंतीवरून सीताचं डोकं वर आलं. डोळे रडून सुजले होते.

“बाईसाब, मेरे छह मर गए,” ती म्हणाली. “मुझसे ही लोबान कम पड़ गया होगा. आज दुगना डालूँगी.”

आईसाहेबांचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता तरी सांगतील. पण सवय एवढ्या सहज सुटत नाही.

“आज रहने दे, सीता,” त्या म्हणाल्या. “आज अमावस है.”

“अमावस तो परसों निकल गई, बाईसाब. और आपका बताया मैं कैसे छोड़ूँ?”

एवढं बोलून ती खाली उतरली. भिंतीपलीकडून तिच्या सासूचा आवाज येत होता. बहूला काही जमत नाही, एवढं नीट शिकवून दिलं तरी वाट लावली, आता उरलेलीही घालवणार. सीता एका शब्दाने उलट बोलत नव्हती. आपल्याच हाताने बिघडलं हे तिने मनोमन कबूल करून टाकलं होतं.

आईसाहेब उठल्या. पदर डोक्यावरून घेतला, चपला घातल्या आणि गल्लीला वळसा घालून चालायला लागल्या. मी मागोमाग धावले. तीस वर्षांच्या शेजारात त्या सीताच्या उंबऱ्याआत कधी गेल्या नव्हत्या. काही हवं असलं की त्या घरच्यांनीच यायचं, असा रिवाज. त्यांना दारात बघून सीताची सासू बोलता बोलता थांबली आणि खाट झटकायला लागली. सीताच्या हातात लोबानची पुडी होती.

“माझं चुकलं,” आईसाहेब म्हणाल्या. आधी मराठीत, तिथे माझ्याशिवाय कोणालाच न कळणाऱ्या भाषेत. घरी परत जायला तेवढं पुरलं असतं. पण त्या थांबल्या, सीताच्या सासूकडे वळल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “बहू की गलती नहीं है. गलती मेरी है. धुआँ मैंने बताया, मैंने ही गलत बताया. मेरे उन्नीस मर गए.”

मग त्यांनी पेटलेली शेगडी फडक्याने धरून स्वतः अंगणात नेली आणि खिडकीवरची गोधडी काढली. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की रडू आलं. सीता तर त्यांच्या गळ्यातच पडली, आणि आईसाहेब अवघडून तिची पाठ थोपटत राहिल्या.

त्यानंतर दोन्ही घरची पिल्लं पत्रकाबरहुकूम वाढली. पत्रक मी वाचायचे आणि आईसाहेब ऐकायच्या, मधून मधून नाक मुरडत. बल्बखाली पिल्लं एकावर एक चढली की त्यांना थंडी वाजतेय, कडेला पळून धापा टाकायला लागली की उकडतंय, आणि खोलीभर पांगून चिवचिवत असली की आपण निवांत जेवायला बसावं. वारा थेट अंगावर नको, पण वरच्या बाजूने हवा हवीच. ओलं तूस रोज काढायचं. सातव्या दिवशी डोळ्यात लसीचा थेंब. पुढे खुराड्याला बारीक जाळी, कारण मुंगूस दोन बोटांच्या फटीतून शिरतं. आमची आणखी दोन गेली, सीताचं एकही नाही. श्रावणात सीताच्या कोंबड्यांनी पहिली अंडी दिली, आणि तिची सासू ती शेजारीपाजारी दाखवत फिरली.

या डिसेंबरात डॉक्टरांनी कुक्षीला बायकांसाठी शिबिर ठेवलं आणि अनुभव सांगायला आईसाहेब आणि सीता या दोघींना बोलावलं. मंडपात शंभरेक बायका होत्या. आधी बोललेल्या तिघींचं सगळं छानच झालं होतं. बायका माना डोलावत होत्या, काही पेंगत होत्या. मग आईसाहेब उभ्या राहिल्या.

“मेरे पहले उन्नीस बच्चे मैंने मारे,” त्या म्हणाल्या, “और छह इस सीता के.” मग धुरीची सगळी हकीकत सांगितली, काहीही न गाळता.

पेंगणाऱ्या बायकाही सावरून बसल्या. मग मागून कोणीतरी तिथल्या बोलीत हळूच म्हणालं, “म्हारा तो तीस मरी ग्या था.” दुसरी उठली, तिने थंडीत पिल्लांना अंघोळ घातली होती. तिसरीने खोल भांड्यात पाणी ठेवलं होतं. ज्यांनी वर्षानुवर्षं घरी बोलणी खाऊन तोंड मिटलं होतं त्या एकामागून एक उभ्या राहायला लागल्या. डॉक्टरांनी छापील कागद बाजूला ठेवून वही उघडली. आईसाहेबांनी खुर्ची त्या बायकांच्या दिशेने वळवली आणि मध्ये एक शब्दही न बोलता ऐकत बसल्या.