मुरमुऱ्याच्या अक्षता

गाणं बनवण्यात सगळ्यात स्वस्त असतं ते गाणंच, हे मला आमच्या धाकट्या दिरांमुळे कळलं. चाल त्यांनी ट्रॅक्टरवर बसून जुळवली, शब्दही त्यांचेच. खर्च सुरू झाला तो त्यानंतर. खामगावच्या स्टुडिओवाल्याचे पैसे वेगळे, कॅमेऱ्याचे वेगळे. शिवाय गाण्यात लग्न होतं, म्हणून वऱ्हाडी पाहिजेत. भाड्याची माणसं परवडेनात.

"वहिनी, भाड्यापरीस जेवण स्वस्त पडते," दीर म्हणाले आणि त्यांनी गावाला चुलबंद आवतन दिलं. म्हणजे त्या दिवशी कोणाच्या घरी चूल पेटायची नाही, लहानथोर सगळे आमच्याकडेच जेवणार.

"गाण्यातलं लग्न हाय, खरं नाही," असं ते दारोदार सांगत होते. गावाने ऐकून घेतलं. पण मांडवात वरण-बट्टी जेवायची आणि हात हलवत जायचं, हे कोणालाच जमेना. बायका ब्लाउजपीस, स्टीलचे डबे, ताटं घेऊन आल्या. पुरुषांनी टॉवेल-टोप्या आणल्या. दीर आधी लाजले, मग त्यांनी आहेर ठेवायला एक खोली रिकामी केली.

डीजेवाल्याने डीजे फुकट दिला, पण नवरदेव आपणच होणार अशी अट घातली. त्याला दोन लेकरं होती. नवरी अकोल्याहून येणार होती. ती सकाळी आली, तिने आमची मोरी पाहिली आणि आल्या गाडीने परत गेली.

दीर माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "वहिनी, आपली पोरगी बसू द्या नं. दोन मिनिटाचं तं काम हाय."

माझी मुलगी तेव्हा बी.ए.ला होती, तिचं लग्न व्हायचं होतं. ती हसत हसत साडी नेसायला गेलीसुद्धा. मी मात्र मांडवाकडे पाहत राहिले. मांडव खरा, जमलेलं गाव खरं, भटजीही खरे, कारण तेही जेवायला आलेच होते. एवढं सगळं खरं असताना डोक्यावर अक्षता पडल्या, तर तेवढं लग्नच खोटं कसं राहणार? उद्या कोणी म्हणेल, हिचं एकदा लागून गेलंय. चार माणसांत बोलायची मला सवय नाही. मी गुपचूप आत गेले, अक्षतांसाठी रंगवलेल्या ज्वारीची परात पलंगाखाली सरकवली आणि चिवड्यासाठी आणलेल्या मुरमुऱ्यांना हळद-कुंकू चोळलं. मुरमुऱ्यांनी कोणाचं लग्न लागत नसावं, असा माझा अंदाज होता.

डीजेवाल्याची बायको पहिल्या रांगेत बसली होती. उठून तिने माझ्या मुलीच्या हातात साडी ठेवली. "घेऊन जाय वो बाई याले," ती म्हणाली, "लय घोरते."

मुरमुरे उडाले. समोर मोठा पंखा लावलेला, ते खाली पडेचनात, हवेतच फिरत राहिले. कॅमेरावाला ओरडला, "काय भारी दिसून राह्यलं बे! अजून उडवा!" चिवडा त्या दिवशी झालाच नाही.

गाणं मात्र चाललं. संग्रामपूरपासून कुठकुठल्या वरातींत तेच वाजू लागलं. शब्द कोणाच्या ध्यानात नव्हते, मुरमुरे होते. स्टुडिओवाल्याने पैशांऐवजी डबे आणि ताटं नेली, कॅमेरावाल्याच्या बायकोला ब्लाउजपीस गेले. टोप्या दिरांना अजून पुरतात.

पुढे मुलीला बीबी गावाकडचं स्थळ आलं. मुलाच्या आईने चहा घेता घेता मोबाईल पुढे केला. "ही तुमचीच पोरगी ना? मग हिचं तर लगन झालेलं दिसतंय."

आमचे हे आढ्याकडे बघायला लागले. दीर तर ते गाणं किती लोकांनी पाहिलं ते सांगू लागले. बोलायला मीच उरले. पदर नाकापर्यंत ओढून मी म्हटलं, "अक्षता मुरमुऱ्याच्या होत्या."

बाईंनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला, गाणं पुन्हा पाहिलं. "हो की, खाली पडतच नाहीत." मग त्यांनी चहा संपवला, आणि सोयरीक जमली.

लग्नाला गावाने आहेर आणला नाही. "आमी तं देल्ला होता नं, गाण्यात," असं जो तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. पण प्रत्येकाच्या खिशात रंगीत मुरमुऱ्यांची पुडी होती. वरवट बकालच्या बाजारात आता त्या तयार मिळतात. पंखे दिरांनी लावले होते, एक व्हिडिओ फुकटात निघेल म्हणून. पहिल्याच 'सावधान'ला मांडव मुरमुऱ्यांनी भरला, आणि माझ्या मुलीच्या डोक्यावर एक दाणा पडेना.

विहीणबाई माझ्याकडे पाहत होत्या. त्यांच्याही ते लक्षात आलं होतं. ज्वारी माझ्या पदराला बांधलेली होती, पण स्टेजवर सगळ्या गावादेखत जायचं होतं. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं. मी चढले, गाठ सोडली, मूठभर ज्वारी विहीणबाईंना दिली, आणि दोघींनी ती पोरीच्या आणि जावयाच्या डोक्यावर टाकली.

"वहिनी, ज्वारी नोका टाकू!" दीर कॅमेऱ्यामागून ओरडले. "खाली पडते ते, शॉट खराब होऊन राह्यला!"

"पडाले पायजे, भाऊजी," मी म्हटलं. भटजींचा माइक माझ्या तोंडाशीच होता, हे मला नंतर कळलं.

दिरांच्या नव्या गाण्याच्या सुरुवातीला आता माझा तो आवाज येतो. त्याला खर्च काहीच आला नाही, असं ते सगळ्यांना सांगतात.