वांगी रंगाच्या साडीचं रफू

आमच्या दुकानात जुन्या साड्या उलट्या बाजूने मांडतात. जमिनीवर सतरंजी, तिच्यावर आठ साड्या एकावर एक, वर पुठ्ठ्याचा नमुना ठेवून खडूने आखायचं आणि मोठ्या कात्रीने आठही थर एकदम कापायचे. खडूची रेघ सुलट बाजूवर राहू नये म्हणून उलटी बाजू वर. थर लावायचं काम दुसरी एक बाई करते, कापायचं माझ्याकडे आहे. कापणाऱ्याला फक्त सर्वांत वरची साडी दिसते. खालच्या सात म्हणजे नुसती जाडी; कात्रीला किती जोर लावायचा एवढंच त्यांच्यावरून कळतं.

हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं ते या पद्धतीमुळे झालं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते.

दुकान पनवेलच्या जुन्या बाजारात, औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. शाळांच्या स्नेहसंमेलनांना, नवरात्रात, गणपतीत लागणारे पोशाख आम्ही शिवतो आणि भाड्याने देतो. मावळे, वासुदेव, परी, झाड, टोमॅटो. सगळ्यांत जास्त मागणी कोळीनाचाच्या लुगड्यांना. नव्या कापडाचं लुगडं ताठ राहतं, पोरींच्या अंगावर खोकं चढवल्यासारखं दिसतं. शंभरदा धुतलेली जुनी साडी जशी अंगावरून पडते तशी नवी पडत नाही. म्हणून आम्ही जुन्याच साड्या घेतो. त्या बोहारीण आणून देते. घरोघरी भांडी देऊन जुने कपडे घेणारी ही बाई आमच्या गल्लीत माझ्या लहानपणापासून येते. तिला दुकानाचा पत्ता मीच दिला होता.

दुकानाची मालकीण पनवेलजवळच्या कोन गावची आहे. आम्ही सगळ्या तिला काकी म्हणतो. मराठी घेऊन एम.ए. केलेली मुलगी शिवणावर का बसते, हे तिने पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मी म्हटलं, आई शिवायची, मला येतं.

"मंग एवरी पुस्तकां वाचून काय केलंस गो?" ती म्हणाली. मग माझी शिवण उलटीसुलटी करून बघितली. "बस. टाका सरल हाय तुझा."

जुन्या साड्यांमध्ये बायका काहीबाही विसरतात. पदराच्या टोकाला गाठ आणि तिच्यात चिमूटभर बडीशेप. निऱ्यांच्या जागी गंजलेली पिन. कमरेपाशी, जिथे ओला हात पुसला जातो तिथे, हळदीचा फिकट पट्टा. सुरुवातीला मला प्रत्येक साडीतली बाई दिसायची आणि कात्री थांबायची. काकीच्या ते लक्षात आलं. "कापडाला गाव नसतंय," ती म्हणाली. "इचारीत बसशील तर संमेलन मे महिन्यात करावं लागंल." सगळ्या हसल्या. मीही हसले. दोन वर्षांत मी इतकी तयार झाले की गाठी सोडते, पिना डब्यात टाकते आणि कुणाचं काय ते मनातही येत नाही. मला त्याचा थोडा अभिमानही होता.

आई श्रावणात गेली. त्याआधी दीड वर्ष ती आजारी होती आणि शेवटचं वर्षभर गाऊनमध्येच होती. ज्येष्ठात एकदा तिने कपाट आवरायला सांगितलं. तिची वांगी रंगाची, लाल काठांची सुती साडी मी वाऱ्यावर टाकली आणि घाईत ओढून घेताना ती खिडकीच्या गजाच्या टोकात अडकली. कोयत्याच्या आकाराची, दोन बोटं लांब फाटली. आईने बघितलं. मी म्हटलं, "जाऊ दे गं. तू कुठे नेसणार आहेस आता?"

वाक्य तोंडातून गेल्यावर मला त्याचा अर्थ कळला. आईने साडी मांडीवर ओढली. सुई मागितली. मी पेटीतला जवळच्या रंगाचा दोरा दिला, तर तिने तो परत केला. साडीच्याच आतल्या टोकाचे चार धागे तिने ओढून काढले आणि त्या धाग्यांनी रफू करायला बसली. तिचा हात तेव्हा कापायचा. दहा मिनिटं काम, मग अर्धा तास डोळे मिटून पडणं. तीन दिवस लागले. पूर्वीची आई असती तर रफू शोधावं लागलं असतं. हे मात्र दिसत होतं, जरा उंचसखल, धागे सैल. तिने त्यावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "नेसायची नाही म्हणून फाटकी ठेवायची का?"

मी तिची माफी मागितली नाही. मागेन मागेन म्हणत राहिले. मग ती शुद्धीत कमी राहू लागली.

सवाष्ण गेली म्हणून तिच्या चांगल्या साड्या नात्यातल्या बायकांनी एकेक मागून घेतल्या. रोजच्या उरल्या. आत्या म्हणाली, "तुला कुठली ठेवायची ती बाजूला काढ." मी म्हटलं, काही नको. मी रोज अशा साड्या कापते, मला कापडाचं काय, असं मला तेव्हा खरंच वाटत होतं. बहुतेक मला रडायचं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात बोहारीण दारात आली. मी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसले होते आणि दोघींचं बोलणं ऐकू येत होतं.

"अगं, एवढ्या ढिगाला एवढंसं पातेलं?" आत्या म्हणाली.

"ताई, यातल्या निम्म्या तर डोळ्यांसमोर धरल्या तर पलीकडचं घर दिसतंय. साडी म्हणू का जाळं?"

"जाळं म्हण आणि झाकण दे वर."

बोहारणीने झाकण दिलं. मग तिने आवाज उतरवून विचारलं, "वहिनींच्या का या?" आत्या हो म्हणाली असावी, कारण त्यानंतर घासाघीस थांबली. गाठोडं उचलल्याचा आवाज आला. त्या पातेल्यात आम्ही आता रोज भात लावतो.

बाबा दिवाळीपर्यंत कपड्यांबद्दल काहीच बोलले नाहीत. पाडव्याच्या दिवशी ओवाळून झालं आणि ते म्हणाले, "तिची ती वांगी साडी ठेवली आहेस ना? शेवटी शेवटी घेऊन बसायची ती."

मी म्हटलं, "हो."

"असू दे. कधीतरी दाखव."

त्या दिवसापासून मला ती साडी हवी होती. साडी नाही मिळाली तर निदान ते रफू. बोहारणीला फोन करून विचारणं सोपं होतं. पण काय विचारणार होते मी? जी वस्तू मीच नको म्हणून दिली ती कुठे आहे, असं? महिनाभर मी विचारलं नाही.

डिसेंबरात एका शाळेची चौदा लुगडी द्यायची होती. त्याच सकाळी बोहारीण नवं गाठोडं घेऊन जिना चढून आली. मी तिला पाणी दिलं आणि शेवटी विचारलं.

ती पाणी प्यायची थांबली. "अगं पोरी, ती तर इथंच टाकली मी. नवरात्र संपल्यावर. तू होतीस की कापायला बसलेली."

मी होते. आठ थर होते, आणि सगळ्यांत वर एक पिवळी होती, ती मला अजून आठवते.

लुगडी बांधून जिन्यापाशी ठेवली होती. मी गाठ सोडली. वांगी रंगाची तीन निघाली. तिसऱ्याच्या, नऊ नंबरच्या लुगड्याच्या पुढच्या भागावर, गुडघ्याच्या थोडं वर, ते रफू होतं. ते लुगडं दुकानातल्या दुसऱ्या कुणीतरी शिवलं होतं. मी त्यावर अंगठा ठेवला. खाली टेम्पोवाला हॉर्न देत होता.

काकीला मी सांगितलं. तिने लुगडं हातात घेऊन रफू बघितलं. मग म्हणाली, "चवदा पोरी हायत. तेरा लुगडी कशी देऊ गो? दोन दिसांनी परत येनार. आलं की तुझं. मी कुनाला देनार नाय." वर म्हणाली, "नेसवायला तूच जा. तुझ्या डोल्यांसमोर राहील."

काकीने माझ्यासाठी जे करता येईल ते केलं. यात तिचा काहीही दोष नाही.

शाळेचं संमेलन मोकळ्या मैदानावर होतं. वर्गाची बाकं भिंतीला लावून त्याच वर्गात मुलींना तयार करायचं. माझ्या पिशवीत पिना, नाड्या, कापडाचा गोंद आणि टिकल्यांचे मासे, फुलं, चांदण्या. डाग दिसला, कापड विरलं की त्यावर चांदणी चिकटवायची आणि पुढच्या मुलीकडे वळायचं, ही या कामाची रीत. नऊ नंबरचं लुगडं एका आठ वर्षांच्या, दोन दात पडलेल्या मुलीला आलं. मी स्वतः तिला नेसवलं. निऱ्या सरळ केल्या. तिने खाली बघितलं.

"ताई, हे फाटकं आहे."

"फाटकं नाही. रफू केलंय."

शेजारची मुलगी वाकून बघून म्हणाली, "ईऽ, हिला गोधडी दिली! गोधडीवाली कोळीण!" दोघी-तिघी फिदीफिदी हसल्या. नऊ नंबरवाली मुलगी आधी लाल झाली आणि मग रडायलाच लागली. गालांवरची लाली ओघळली. "माझंच का फाटकं? मी नाही नाचणार." दारातून बाई ओरडल्या, "कोळीनाच तयार आहे का? पुढचा नंबर तुमचा!"

मी तिच्याशी काय काय बोलू शकले असते, याची मी नंतर यादी केली. हे माझ्या आईने केलंय, असं म्हणाले असते तर कदाचित ती गप्प झाली असती. मुलं अशा गोष्टी समजून घेतात. तिला आणि शेजारणीला लुगडी बदलायला लावता आली असती. त्या वेळी यातलं काहीच सुचलं नाही. माझा हात पिशवीत गेला. रूपेरी टिकल्यांचा मासा निघाला. मागे गोंद लावला, रफूवर ठेवला आणि तळहाताने दाबून धरला. मनातल्या मनात वीस आकडे मोजले, काकीने शिकवल्यासारखे. वीस झाल्यावर मला कळलं मी काय करते आहे.

"आता?" मी विचारलं.

मुलीने नाक ओढलं. "मासा फक्त मलाच आहे?"

"फक्त तुलाच."

ती नाचली. छान नाचली, असं सगळे म्हणाले. मी दारात उभी राहून तो मासा चमकताना बघत होते.

लुगडी परत आल्यावर काकीने नऊ नंबरचं न धुता माझ्या हातात दिलं. "घरी ने गो," एवढंच म्हणाली. गोंद कसा सोडवायचा हे मला येतं, म्हणून मी फारशी घाबरले नव्हते. कोमट पाण्यात बुडवलेलं फडकं, वरून इस्त्री, मग कडेकडेने सोडवत जायचं. असे कितीतरी मासे मी काढले आहेत. पण ते धडधाकट कापडावरचे होते. आईच्या हाताने धागे सैल पडले होते आणि गोंद त्या सैल धाग्यांच्या आत शिरला होता. मासा सुटला तो रफू घेऊन सुटला. ओढ जाणवल्यावर मी थांबले, पण तोवर अर्धं आलं होतं. उरलेलं माशाच्या नुसत्या वजनाने निसटलं.

माशाच्या मागे, वाळलेल्या गोंदात, वांगी धाग्यांचा गुंता होता. आणि लुगड्यावर कोयत्याच्या आकाराची, दोन बोटं लांब फट. जशी मी फाडली होती तशी.

मला रफू येत नाही. आई शिकवायला तयार होती, मी म्हणायचे, आता कोण रफू करतं?

दोन रविवार मी ते लपवून ठेवलं. तिसऱ्या रविवारी सकाळी बाबा खिडकीपाशी पेपर वाचत होते, भात शिजत होता, आणि मी लुगडं त्यांच्या मांडीवर ठेवलं. सगळं सांगितलं. पातेलं, थर, मासा. ज्येष्ठातलं माझं वाक्यही सांगितलं. ते मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. लहान मुलीच्या मापाच्या त्या कपड्यात त्यांना आईची साडी ओळखायला वेळ लागला. काठ चाचपले. मग त्यांना ती फट सापडली आणि त्यांनी तिच्यातून बोट घातलं.

"हे तर तिने शिवलं होतं ना?" ते म्हणाले.

मी हो म्हटलं.

ते बोट काढून घेतील म्हणून मी वाट बघत उभी राहिले. त्यांनी काढलं नाही. स्वयंपाकघरात पातेल्यावरचं झाकण वाजायला लागलं तेव्हा मी आत गेले आणि गॅस बारीक केला.