अंडी दाखवणारा माणूस

राखीव किनाऱ्यावरच्या रखवालदाराला सगळे काडीमामा म्हणायचे, आणि त्यात प्रेम थोडं, टिंगलच जास्त होती. नोकरी सरकारी, पण काम म्हणजे वाळूत काड्या रोवत हिंडणं. तिथे दरवर्षी येणारे पांढरे पक्षी घरटं बांधायच्या भानगडीतच पडत नाहीत. वाळूत पोटाने जरासा खळगा करायचा, अंडी घालायची आणि मोकळं व्हायचं. अंडीही वाळूच्याच रंगाची. समोर असून दिसत नाहीत, पाय पडला की संपलं. म्हणून मामा प्रत्येक खळग्याशेजारी लाल टोकाची काडी रोवायचा, तीही अंडी चोरणाऱ्यांना दिसू नये म्हणून टोकापर्यंत वाळूत दाबून, त्याची त्यालाच सापडेल अशी.

किनारा त्याच्या आजोबांच्याही आधीपासून राखीव होता. पण शेजारी हॉटेल उभं राहिलं आणि त्याला हातपाय पसरायला जागा हवी झाली. हॉटेलवाले कोर्टात म्हणाले, इथे आता पक्षी अंडी घालतच नाहीत, नुसती वाळू राखून काय करायचंय? कोर्टाने सांगितलं, समिती जाऊन बघेल.

"येऊ दे की समिती," मामा घरी म्हणाला. "काड्या वर काढून किनारा लालेलाल करून दाखवतो!"

बायकोच्या धाकट्या भावाने त्याच हॉटेलचं भराव टाकायचं कंत्राट घेतलं होतं. तिच्या माहेरी मामाला 'वाळूत खेळणारा जावई' म्हणत, तेही तोंडावर. हसण्यावारी न्यायचा बिचारा, पण ते आत कुठेतरी बोचत राहायचं.

समिती यायच्या आदल्या दिवशी हा मेहुणा जेवायला आला. हात धुता धुता म्हणाला, "भावजी, खरंच अंडी आहेत का हो? मला तर एकही कधी दिसलं नाही."

झालं. मामाने ताट अर्धवट टाकलं आणि त्याला किनाऱ्यावर नेलं. "हे बघ. इथे तीन. अरे, पाय सांभाळ!" उन्हात घामाघूम होऊन त्याने एकूण एक काडी दाखवली.

"मानलं भावजी तुम्हाला," मेहुणा म्हणाला. सासरच्या माणसाकडून असं काही ऐकायची मामाची ही पहिलीच वेळ. छाती अशी फुगली की सदऱ्याची बटणं तुटायची बाकी.

सकाळी समिती आली तेव्हा किनाऱ्यावर एकही काडी नव्हती. वाळू दाताळ्याने ओढून साफ सपाट केलेली. पक्षी डोक्यावर किंचाळत घिरट्या घालत होते.

"दाखवा," समितीच्या बाई म्हणाल्या.

मामा गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी उकरायला लागला. इथे, मग तिथे. नखांत वाळू शिरली, बोटाला चिकट बलक लागला, एक टरफल सापडलं. तेही चेचलेलं.

"काल होती हो बाई! आईशप्पथ, काल सगळी होती!"

"कालचं आम्ही कसं लिहिणार?" बाई म्हणाल्या. "उठा आता. कपडे खराब होतायत."

संध्याकाळी मेहुणा बहिणीला साडी घेऊन आला. लाजणं सोडाच, खुर्ची ओढून ऐसपैस बसला. "रागावू नका भावजी. माझी माणसं कितीदा फिरली, त्यांना एक अंडं सापडलं नव्हतं. तुम्ही नसता तर आमचं काही खरं नव्हतं."

मामाने बायकोकडे पाहिलं. ती साडीचा पदर उलगडून बघत होती.

"आणि नोकरीची काळजी सोडा," मेहुणा पुढे म्हणाला. "हॉटेलात माणूस हवाच आहे. हे पक्षी पाहुण्यांच्या डोक्यावर येतात, जेवणावर घाण करतात. त्यांना हाकलायचं. तुमच्याइतकं त्यांचं कोणाला कळतंय?"

"हो म्हणा," बायको म्हणाली. "सरकार आता तुम्हाला कशाला पोसेल?"

मामा त्या दोघांना मनातल्या मनात शिव्या देत होता. पण तोंडातून आलं ते एवढंच, "कधीपासून यायचं?"